त्यांच्या देशातली खरूज

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावात पाणी सोडून सगळं आलं. तांबडी मिलो ज्वारी आली, सुकडी आली, खडी फोडायचे हातोडे आले, जीपमधून पुढारी आले. उन्हाळा तापायला लागला तशी नळदुर्गकडून बोअर पाडायची एक मोठी गाडी आली, आणि त्या गाडीतून एक गोरा माणूस उतरला.

मी तेव्हा नुकताच औरंगाबादहून बी.ए. होऊन आलो होतो आणि रस्त्याच्या दुष्काळी कामावर हजेरी घेत होतो. आमच्या बुद्धवाड्यातला मी पहिला बी.ए. वस्तीत कुणाला तार आली किंवा औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते बघायचं असलं की मला बोलावणं यायचं. गावात मात्र माझ्या बी.ए.चा कुणाला फारसा उपद्रव नव्हता. त्या दिवशी तहसीलदारांनी गाडीसमोर जमलेल्या लोकांना विचारलं, "इंग्रजी कुणाला येतं?" शाळेचे गुरुजी आपल्या चपलांकडं बघायला लागले. सरपंचांनी आकाशाकडं बघितलं. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडं बोट केलं. साहेबांसमोर गावानं माझ्याकडं बोट करावं आणि ते चांगल्या कामासाठी असावं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

अशा रीतीनं मी त्या गोऱ्याचा दुभाष्या झालो. परदेशातल्या कुठल्याशा धर्मादाय मंडळींनी पाठवलेला तो माणूस ऑस्ट्रेलियाचा होता. ऑस्ट्रेलिया कुठं आला यावर पारावर चर्चा झाली. रेडिओवर क्रिकेट ऐकणाऱ्या एकानं सांगितलं, की तिथले लोक बॉल लई जोरात टाकतात. तेवढ्यावर भूगोल संपला.

माणूस उंच, पन्नाशीचा, अंगावर तांबूस ठिपकेच ठिपके. कोंबडीच्या काही अंड्यांवर असतात तसे. इंग्रजी असं बोलायचा की अर्धा शब्द तोंडात आणि अर्धा नाकात. पहिले काही दिवस मी त्याचे हातवारे बघूनच भाषांतर करत होतो. पण गावाला नवल वाटलं ते त्याच्या वेशाचं. आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं कपडे काढतात, हा घालायचा. मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत बटणं, वर परातीएवढी टोपी, आणि नाकावर पांढऱ्या मलमाचा जाड थर. तो थर दिवसभर हलायचा नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, नवस असंल. तंबाखू खाणारे म्हणाले, चुना हाय, नाकाला लावून ठेवलाय, लागंल तसा घेत असंल. चुनेवाला सायब हे नाव त्याला पहिल्याच दिवशी मिळालं.

त्याची राहायची सोय सोसायटीच्या गोदामात झाली. दुष्काळामुळं गोदामात ना खत होतं ना बियाणं, त्यामुळं जागा भरपूर होती. जेवण सरपंचांच्या घरून यायचं. सरपंच हे सोसायटीचे चेअरमनही होते, त्यामुळं गोदाम आणि जेवण दोन्हींवर त्यांची सही चालायची.

बोअरची जागा मात्र त्यांच्या सहीला बधली नाही. त्यांना ती आपल्या दाराशी हवी होती. पाणी बघणाऱ्या सरकारी माणसानं फिरून फिरून खूण केली ती ओढ्याच्या काठाला, गाव आणि आमची वस्ती यांच्या मधोमध. सरपंचांनी त्याला चहा पाजला, परत फिरवलं, परत विचारलं. खूण तिथंच राहिली. "खडकाला पुढाऱ्याची ओळख न्हाय," असं आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले. लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या जंगलात राहिले होते, त्यामुळं त्यांना कशाचंच फार अप्रूप वाटायचं नाही. घरात ते पलटणीच्याच शिस्तीनं वागायचे. माझी माय चुलीपुढं बसून, "व्हय, हवालदारसायेब," म्हणायची आणि स्वतःला पाहिजे तेच करायची.

सगळी गडबड सुरू झाली ती एका सकाळी, दाढीवरून.

साहेबाला दाढी करायची होती आणि पाणी जपून वापरायचं म्हणून त्यानं गावच्या न्हाव्याला बोलावलं. न्हावी आला. हा न्हावी आमच्या वस्तीतल्या कुणाच्या गालाला हात लावत नव्हता. आबा आयुष्यभर पलटणीतल्या आरशात बघून आपली आपण करत आले. गोऱ्या साहेबाची दाढी करायची म्हटल्यावर मात्र तो धुतलेला सदरा घालून आला होता. गोदामाच्या ओट्यावर साहेबाला बसवून त्यानं एक गाल साफ केला, दुसऱ्या गालाला फेस लावला आणि टोपी काढायला लावली. तेव्हा त्याला दिसलं, की साहेबाच्या उजव्या कानाची वरची कड गायब आहे.

"ह्ये काय झालं?" त्यानं मला विचारलं. "कुत्रं चावलं का काय?"

मी साहेबाला विचारलं. साहेब मनमोकळं हसला आणि म्हणाला, कुत्रं नाही, कातडीचा कॅन्सर. डॉक्टरनं कापून टाकला.

मी तसं सांगितलं. वस्तरा हवेत थांबला.

कॅन्सर हा शब्द तोवर आमच्या गावाला फक्त सिनेमातून माहीत होता. जवळच्या मुरूम गावाला तंबूतला सिनेमा यायचा. त्यात ज्याला कॅन्सर होतो तो खोकतो, रुमाल लाल होतो, मग तो एक मोठं गाणं म्हणतो आणि मरतो. या साहेबाला ना खोकला ना गाणं. कान तेवढा कमी.

न्हाव्याचा चेहरा बघून साहेबाला वाटलं, याला धीर द्यावा. तो म्हणाला, "त्याला सांग, घाबरू नकोस. आमच्या देशात हे फार कॉमन आहे. माझ्या बापाच्या नाकावर झालं. काकाच्या टकलावर झालं. आमच्या शाळेच्या हेडमास्तरच्या मानेवर झालं. म्हातारपण येईपर्यंत प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी कुठला तरी तुकडा कापून घेतलेला असतोच. ऊन आमच्या कातडीला मानवत नाही." मग तो जरा थांबला. न्हाव्याला समजेल असं काहीतरी त्याला हवं होतं. "तुमच्याकडं असं काय आहे, जे घरोघर असतं आणि कुणी मनावर घेत नाही?"

मी न्हाव्याकडं बघितलं. तो दोन बोटांच्या बेचक्यात खाजवत होता. अंघोळीला पाणी नव्हतं, त्यामुळं त्या साली अख्खं गाव खाजवत होतं. गुरुजी शिकवताना खाजवायचे, सरपंच भाषण करताना खाजवायचे.

"खरूज," मी म्हणालो, आणि खरूज म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

"बस," साहेब खूश होऊन म्हणाला. "तुमच्याकडं ती, आमच्याकडं हे."

मी मराठीत सांगितलं, "सायेब म्हणतेत, आपल्याकडं जशी खरूज, तसा त्यांच्याकडं कॅन्सर."

भाषांतरात काना-मात्रेची चूक नव्हती. साहेब सांगत होता, हा रोग किती जणांना होतो. न्हाव्याला ऐकू आलं, हा रोग कसा लागतो. त्यानं वस्तरा मिटला, वाटी उचलली, "जरा पानी घिऊन येतो," म्हणाला आणि गेला. पाणी आणायला गेलेला माणूस त्या वर्षी उशिरा येणं साहजिक होतं, म्हणून साहेब बराच वेळ एका गालाला फेस लावून बसला. फेस वाळला. न्हावी आला नाही. शेवटी साहेबानं तो पुसून टाकला आणि अर्ध्या दाढीनं बोअरवर गेला.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. न्हाव्याचं घर म्हणजे आमच्या गावचं आकाशवाणी केंद्र. फक्त तिथं बातमी जाताना एक असायची आणि निघताना दुसरी. गोऱ्याला कॅन्सर हाय. त्याच्या बापाला हाय, चुलत्याला हाय, मास्तराला हाय. अख्ख्या मुलखाला हाय. खरजेसारखा पसरतो. एकाचं नाक जातं, एकाचा कान जातो. ह्यो हिकडं कशाला आलाय? तिकडं धड माणूस राहिला न्हाय म्हणून आलाय.

सरपंचांनी मला बोलावून घेतलं. "म्या काय अडाणी न्हाय," त्यांनी सुरुवात केली. गावात कुणी असं म्हणालं की पुढं काय येणार ते समजायचं. "पन लोकांचं मन सांभाळावं लागतंय. घरात लेकरंबाळं हायेत. सायबाला काय सांगू नगंस. जेवान जाईल, पन जरा येगळं जाईल."

जेवण वेगळं गेलं. पितळी ताट आणि पितळी तांब्या बंद झाला. पत्रावळीवर भाकरी वरून टाकल्यासारखी पडायला लागली. गडी दहा पावलांवरून "सायेब, जेवा" म्हणून सरकायला लागला. पाण्यासाठी एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला आला, आणि जेवण झालं की तो पेला गोदामाच्या बाहेर खिळ्याला टांगायचा, असं ठरलं.

तो खिळ्याला टांगलेला पेला मी बघितला आणि जागच्या जागी उभा राहिलो. मला तो चांगला ओळखीचा होता. गावच्या चहाच्या हॉटेलात मागच्या बाजूला आमच्यासाठी कप टांगलेले असायचे, कान तुटलेले. आपण घ्यायचा, आपण धुवायचा, आपण टांगायचा. फरक एवढाच, की साहेबाचा पेला नवा होता.

साहेब तर हरखून गेला. "बघ," तो मला म्हणाला, "त्यांनी मला माझा स्वतःचा पेला दिला." त्यानं रंगाच्या डब्यातून काडीनं त्यावर एक कांगारू काढला. गावानं तो लांबून बघितला. काहींच्या मते तो मोठा उंदीर होता, काहींच्या मते कॅन्सरचं चित्र.

मी संध्याकाळी घरी जाऊन आबांना सगळं सांगितलं. आबा हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. ते भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "गोऱ्याला," ते म्हणायचे आणि परत हसायचे. "आरं, गोऱ्याला." माय बाहेर येऊन विचारायला लागली, ह्यांना काय झालं. मग हळूहळू हसू ओसरलं. ते डोळे पुसत म्हणाले, "उद्या त्येला जेवाया घिऊन ये. आपल्या ताटात जेवंल म्हणावं."

दुसऱ्या दिवशी साहेब आला तेव्हा आबा पलटणीचा कोट घालून दारात उभे होते. त्या उन्हात लोकरीचा कोट. त्यांनी खाडकन सलाम ठोकला. साहेबानं टोपी काढली. मायनं मिलोच्या तांबड्या भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लाल मिरचीचा ठेचा केला होता. साहेब ठेचा लावून भाकरी खाऊ लागला तसा त्याचा बाकीचा चेहराही उन्हानं लाल झालेल्या कानाच्या रंगाचा झाला, पण त्यानं ताट सोडलं नाही.

आबांनी आपलं पलटणीतलं इंग्रजी बाहेर काढलं. ते वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेलं होतं, त्यामुळं त्याला जरा चुण्या पडल्या होत्या.

"सर. युवर कंट्री. हाऊ मेनी मॅन सिक?"

साहेबानं मोजक्या शब्दांत सांगितलं. पुष्कळ. इतके की कुणी आकडा विचारत नाही. त्याचे पूर्वज थंड, धुक्याच्या मुलखातले. ते चुकीची कातडी घेऊन चुकीच्या उन्हात राहायला गेले.

"अँड हाऊ मेनी डेड?"

"फार कमी," साहेब म्हणाला. बरेचसे डाग नुसते कापले की संपतं. एक काळी जात वाईट असते, तिच्याकडं लक्ष ठेवावं लागतं. काही डाग तर बर्फासारख्या गार औषधानं जाळून टाकतात.

मी हे भाषांतर केलं. मायनं मला थांबवलं. "गारीनं जाळतेत?"

"व्हय."

"मग इस्तवानं थंड करत असतील," असं म्हणून ती भाकरी थापायला परत गेली.

आबा विचारात पडले. "आन आपल्याला का होत न्हाय? आपून तर जन्मापासनं उन्हात."

हे मी विचारलं तेव्हा साहेबानं बाही वर केली आणि आपला ठिपक्यांचा हात आबांच्या काळ्याभोर हाताजवळ धरला. तो म्हणाला, "ह्यांच्या कातडीत आतूनच छत्री आहे. माझ्यात नाही. म्हणून मला बाहेरून टोपी, बाह्या आणि हे नाकावरचं जस्ताचं मलम लागतं."

आबांनी आपल्या हाताकडं बघितलं. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "छत्री," ते म्हणाले. मायनं चुलीकडूनच विचारलं, "काय म्हनाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "सांगा आता तुमच्या आईला. म्या सून होऊन आले तवा म्हनली व्हती, पोरगी काळी हाय. छत्री हाय म्हन, म्हनावं." माझी आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण मायनं हा हिशेब उघडाच ठेवला होता.

मग साहेबानं झोळीतून तो जर्मनचा पेला काढला. त्याला वाटलं, घरच्यांना कांगारू दाखवावा. आबांनी पेला हातात घेतला, फिरवला आणि मला म्हणाले, "सांग त्येला."

मी सांगितलं. पेला वेगळा का, खिळा बाहेर का, गडी लांब का उभा राहतो. साहेबाला ते पटायला वेळ लागला. मग त्यानं विचारलं, की तुम्हांला हे कसं इतकं नेमकं माहीत. मी हॉटेलातल्या कपांचं सांगितलं.

साहेब आबांकडं वळला. "तुम्हांला कुठला रोग आहे?"

आबांनी हे माझ्या मदतीशिवाय समजून घेतलं. "नो डिसीज, सर," ते म्हणाले. "ओन्ली बर्थ."

माय म्हणाली, "जेवा आता, भाकर गार व्हतीया." साहेब जेवला. त्या दिवसापासून तो आमच्याकडंच जेवायला लागला, आणि तो पेला त्यानं बोअरच्या गाडीच्या पुढं, दिव्याला टांगला, सगळ्यांना दिसेल असा.

त्या पहिल्या दिवशी जेवून निघताना त्यानं एक गोष्ट सांगितली होती, आणि ती आबांनी फार मनावर घेतली. छत्री आहे म्हणून अगदी बेफिकीर राहू नका. तुमच्यासारख्यांना क्वचित झालाच तर तळपायावर होतो, काळा डाग वाढत गेला तर डॉक्टरला दाखवा. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती बुद्धविहाराच्या झाडापुढं रांगेत बसलेली, पाय पुढं करून. आबा हातात छडी घेऊन एकेका तळव्यापुढं थांबत होते.

"ह्ये काय?"

"डांबर हाय, आबा. रस्त्यावरचं."

"आन ह्ये?"

"भेग हाय."

"तिच्या शेजारी?"

"दुसरी भेग."

अनवाणी खडी फोडणाऱ्या माणसांच्या तळव्यावर काळा डाग शोधणं म्हणजे शेतात काळी माती शोधण्यासारखं होतं. पाय धुऊन बघावेत तर पाणी नव्हतं. शेवटी आबांनी निकाल दिला, "पानी लागल्यावर परेड पुन्हा व्हईल," आणि रांग मोडली.

पाणी लागलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी. तोवर बोअरमधून नुसती राखेसारखी भुकटी उडत होती आणि जवळ उभे राहणारे भुतासारखे दिसत होते. काळा पाषाण संपता संपत नव्हता. मग गाडीचा आवाज बदलला, भुकटीचा चिखल झाला, आणि चिखलामागून पाण्याची चिळकांडी उसळून वर गेली. रस्त्याच्या कामावरची माणसं हातोडे टाकून पळत आली. साहेब त्या पाण्याखाली टोपीसकट उभा राहिला आणि त्यानं तोंड धुतलं. नाकावरचं पांढरं मलम ओघळून खाली आलं.

"गेला," न्हावी म्हणाला. "त्येचा कॅन्सर पान्यात गेला."

हे त्यानं हळू म्हटलं होतं, पण असल्या गोष्टी हळू म्हटल्या की जास्त लांब जातात. हापसा बसवला गेला. सरपंचांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, हापशाचा दांडा धरून उभे राहिले. पाणी आलं, स्वच्छ, गार. गावातल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. एकही पुढं झाली नाही. सरपंचांनी ओंजळ पुढं केली आणि तशीच मागं घेतली. "आधी डॉक्टरला इचारू," ते म्हणाले. "घाई कशाला?"

दुष्काळात पाण्यापुढं उभं राहून घाई कशाला म्हणणारा माणूस मी पुन्हा कधी बघितला नाही.

आमच्या वस्तीतल्या बाया नेहमीसारख्या मागं, लांब उभ्या होत्या. गावातल्या बायांचं भरून झाल्यावर कुणी वाढलं तर घ्यायचं, ही आमची रीत. आज पुढं कुणी भरतच नव्हतं. आबा मायकडं वळले आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "फॉरवर्ड."

"वरडू नगा," माय म्हणाली. "म्या चाललेच व्हते." ती सगळ्यांच्या मधून गेली, घागर हापशाखाली ठेवली आणि दांडा मारायला लागली. कुणी वाट अडवली नाही. उलट तिच्या अंगावरचे पाण्याचे शिंतोडे चुकवायला लोक दोन पावलं मागं सरकले. घागर भरल्यावर तिनं ओंजळभर पाणी तोंडाला लावलं, ओठ पुसले आणि मागं वळून वस्तीतल्या बायांना म्हणाली, "गोड हाय. या."

पुढं डॉक्टर येईपर्यंत हापसा पूर्ण आमचा होता. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरकडं त्या वर्षी गावं पुष्कळ आणि जीप बंद. त्यामुळं तो लवकर आला नाही, आणि आम्हांलाही त्याची गडबड नव्हती. वस्तीत लोकांनी अंघोळी केल्या. एकदा नव्हे, रोज. कपडे उकळले. वाकळा धुतल्या. मायनं डोक्यावरून न्हाऊन केस उन्हात सोडले आणि दारात बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, घरात लग्न आहे. आबांनी तळव्यांची परेड पुन्हा घेतली आणि डांबर वगळता सगळे पास झाले. गावातले लोक लांबून बघायचे. आमच्यापैकी कुणाचं नाक गळून पडतंय का, याच्याकडं त्यांचं बारीक लक्ष होतं. सकाळी भेटलं की एखादा आधी आमच्या कानांकडं बघायचा, मग रामराम करायचा.

शेवटी डॉक्टर आला. सोसायटीच्या ओट्यावर सभा भरली. डॉक्टरनं साहेबाचा कान बघितला, त्याच्याशी इंग्रजीत बोलला, मग लोकांकडं वळला. तो उन्हानं आणि कामानं दमलेला होता, त्यामुळं त्यानं प्रस्तावना केली नाही.

"कातडीचा कॅन्सर लागट नसतो. ह्या साहेबांच्या देशात तो पुष्कळांना होतो, कारण त्यांची कातडी गोरी आणि ऊन कडक. आपल्यात फार विरळा. माझ्या नोकरीत मी अजून एकही बघितलेला नाही. साहेबांना मिठी मारून झोपलात तरी तुम्हांला होणार नाही."

न्हाव्यानं उभं राहून विचारलं, "आन पान्यातनं?"

"पाण्यातनंही नाही."

"मग सायबानं खरजेसारखा का सांगितला?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी सगळा किस्सा सांगितला. डॉक्टर पहिल्यांदा हसला. "खरजेइतक्या लोकांना होतो, असं म्हणायचं होतं त्यांना. आता हात पुढं करा सगळ्यांनी."

सगळ्यांनी हात पुढं केले. बोटांच्या बेचक्या सगळ्यांच्या फुटलेल्या. सरपंचांची खरूज तर मनगटापर्यंत गेलेली. "ही लागट असते," डॉक्टर म्हणाला. "साहेबाला एक वेळ तुमच्याकडनं काहीतरी लागंल, त्यांच्याकडनं तुम्हांला नाही." मग तो ओट्याच्या खाली, कडेला उभ्या असलेल्या आमच्या लोकांकडं आला आणि त्यांचे हात बघत गेला. हात स्वच्छ होते. दोन-तीन वाळलेल्या खपल्या, बस. "तुम्ही काय औषध केलं?" त्यानं मायला विचारलं.

"आंघूळ," माय म्हणाली.

डॉक्टरनं गावाला पांढरं, झोंबणारं औषध दिलं आणि बजावलं, की रोज अंघोळ केल्याशिवाय ते लावायचं नाही. पाणी कुठंय ते त्याला सांगावं लागलं नाही. हापसा तिथून दिसत होता.

संध्याकाळी सरपंचीणबाई स्वतः घागर घेऊन हापशावर आल्या. मी तिथंच होतो, साहेबाबरोबर दांड्याचा नट आवळत. माय आणि वस्तीतल्या चार-पाच बाया घागरी लावून उभ्या होत्या. सरपंचीणबाई आल्या तशा दोन बाया सवयीनं मागं सरकल्या. माय सरकली नाही. सरपंचीणबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, कुणी काही म्हणतंय का बघत.

"बाई," माय साध्या आवाजात म्हणाली, "रांग हिकडनं हाय. तिच्या मागं लावा घागर."

सरपंचीणबाईंनी आमच्या शेजारणीच्या मागं घागर ठेवली. पदर सावरला. मग खाजवायला लागल्या. शेजारीण म्हणाली, "ते पांढरं औषध लई झोंबतंय म्हन?" त्या म्हणाल्या, "लई." आणि दोघी औषधावर बोलत राहिल्या.

गाडी मुरूमच्या पलीकडल्या गावाला निघाली त्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर साहेबाचा सत्कार झाला. टॉवेल, टोपी, नारळ. सरपंचांनी भाषण केलं. गावाला पाणी देणाऱ्या या थोर पाहुण्याला आपण पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वागवलं, असं ते म्हणाले. आणि शेवटी, "परमेश्वर करो आणि आपल्या देशातला कॅन्सर लवकरात लवकर बरा होवो." साहेबानं मला विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं, "तुमच्या तब्येतीची चौकशी करतायत." साहेबाला गहिवरून आलं. त्यानं सगळ्यांशी हात मिळवला. न्हाव्यानंही मिळवला, आणि मग तो हात कुठं ठेवावा हे न समजून बराच वेळ अंगापासून लांब धरून उभा राहिला. आबांनी सलाम केला. गाडी धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

पुढं पाऊस पडला, मला नळदुर्गला शाळेत नोकरी लागली आणि मी गाव सोडलं. सुट्टीला आलो तेव्हा वस्तीत शिरायच्या आधीच हापशावरून आरडाओरडा ऐकू आला. माय आणि सरपंचीणबाई कंबरेला पदर खोचून भांडत होत्या. कुणाची घागर आधी होती यावरून. दोघीही एकमेकींच्या बापजाद्यांपर्यंत पोचल्या होत्या, दोघींचेही आवाज सारखेच चढलेले होते, आणि बाजूला उभ्या बाया कुणाचीही बाजू न घेता आपापल्या घागरी पुढं सरकवून घेत होत्या. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना म्हणालो, "आबा, सोडवा की."

"बस," आबा म्हणाले. "चालू दे. ऐकू दे जरा."